प्रेपमधलं सीनियर वर्ष : जर्सी सिटीत नव्याने आलेल्या आईबाबांसाठी

न्यूपोर्ट किंवा जर्नल स्क्वेअरला बस्तान बसलं आणि मुलाच्या हायस्कूलची चौकशी सुरू झाली, की कोणीतरी सेंट पीटर्स प्रेपचं नाव काढतंच. पॉलस हुकमधली, एक्स्चेंज प्लेसच्या पाथ रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्याजोगी, फक्त मुलांची कॅथलिक शाळा. जेझुइटांनी, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाने, ती १८७२ साली स्थापन केली. पुण्याचं सेंट व्हिन्सेंट्स १८६७चं आणि मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज १८६९चं, तीही ह्याच संघाची. तेव्हा 'फादर' मंडळींच्या हाताखाली शिकणं आपल्यातल्या बऱ्याच जणांना परकं नाही. गोंधळ उडतो तो सीनियर वर्षात, म्हणजे बारावीत. पुढचं जेझुइटांच्या बहुतेक शाळांना थोड्याफार फरकाने लागू पडेल.

बारावी म्हटलं की आपल्या घरात केबल बंद, क्लास सुरू आणि पाहुण्यांना 'परीक्षा झाल्यावर या'. इथे शेवटी एक बोर्डाची परीक्षा आणि तिच्यावर सगळं, असं नसतं. कॉलेजकडे जातो तो नववी ते अकरावीचा निकाल. मुलगा सप्टेंबरात सीनियर होतो तेव्हा त्यातला मोठा भाग लिहून झालेला असतो. धावपळ असते ती सुरुवातीच्या चार महिन्यांत. कॉमन ॲप, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज, १ ऑगस्टला उघडतं. अर्ली, म्हणजे लवकर करायच्या अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी १ किंवा १५ नोव्हेंबर, बाकीच्यांची जानेवारीच्या सुरुवातीला. त्यात 'अर्ली डिसिजन' बंधनकारक असतं. तिथे प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे, त्यामुळे खर्चाचा हिशेब आधी मांडा आणि मग सही करा. शिफारसपत्रं अकरावीला शिकवलेल्या शिक्षकांकडून घेतात. ती अकरावी संपतानाच मागून ठेवायची. ऑक्टोबरात विचारायला गेलात तर त्या शिक्षकाकडे आधीच भली मोठी यादी असते.

कॉलेजला मुलाबद्दल पत्र लिहिणारे शाळेचे काउन्सेलर पालकांकडूनही त्याची माहिती लिहून मागतात. तिथे आपण हमखास गुण आणि रँक भरून मोकळे होतो. ते आकडे त्यांच्याकडे असतातच. त्याऐवजी तो घरात, गावात काय करतो ते लिहा. मराठी विश्व ह्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तबल्यावर बसतो, धाकट्या बहिणीला गणित शिकवतो, उन्हाळ्यात दुकानात काम केलं, असं काहीही. शेखी मिरवल्यासारखं वाटेल, पण त्या पत्राचा कच्चा माल तोच असतो.

आता धर्माचं. फोनवर मला सगळ्यात जास्त विचारला जातो तो हाच प्रश्न : मिसाला, म्हणजे चर्चच्या सामूहिक प्रार्थनेला, जावं लागेल का? हो, शाळेच्या मिसाला सगळे जातात. कम्युनियन, म्हणजे त्यातला प्रसाद, मात्र कॅथलिक नसलेल्यांनी घ्यायचं नसतं. आपला मुलगा जागेवर बसून राहू शकतो, किंवा छातीवर हातांची घडी घालून पुढे गेला तर फादर नुसता आशीर्वाद देतात. थिऑलॉजी (धर्मशास्त्र) हा विषय टाळता येत नाही. त्यात वाद घालायला, प्रश्न विचारायला वाव असतो आणि शिक्षकांना तो आवडतोही. लेंटमधले, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळातले, शुक्रवार म्हणजे आपला श्रावणच, कॅफेटेरियात मांस नाही. शाकाहारी मुलाची त्या दिवशी चंगळ. मुलगा ख्रिस्ती होऊन घरी येईल ही भीती मी बाळगली नाही, तुम्हीही बाळगू नये असं माझं मत. त्यापेक्षा 'आपल्यात हे कसं असतं?' असं तो विचारेल आणि आपल्याला उत्तर येणार नाही, ही शक्यता जास्त.

ह्या शाळांचं सीनियर वर्ष ज्याच्याभोवती फिरतं ते म्हणजे कायरोस. तीन-चार दिवसांचं निवासी शिबिर. फोन आणि घड्याळं काढून घेतात, आणि मुलांशी बोलायला उभी राहतात ती त्यांच्याच वर्गातली, आधी कायरोस करून आलेली मुलं. तिथे नेमकं काय होतं ते कोणी सांगत नाही, आणि सांगू नये हाच शिष्टाचार. मीही सांगणार नाही. एवढंच सांगतो, शाळेकडून तुम्हाला गुपचूप एक काम येईल, काहीतरी लिहायचं. ते काम 'नंतर बघू' म्हणून बाजूला टाकू नका आणि मुलाला अजिबात कळू देऊ नका. आपल्याकडे बाप मुलाला समोरासमोर 'तुझा अभिमान वाटतो' म्हणत नाही. कागदावर जमतं. मराठीतच लिहा. मुलाला देवनागरी वाचता येत नसेल तर रोमन अक्षरांत मराठी लिहा, पण इंग्रजीत औपचारिक चार ओळी खरडू नका. आणि त्याच आठवड्यात निबंध बाकी आहेत म्हणून शिबिर चुकवायला सांगणारे पालक मी पाहिलेत. ते करू नका. निबंध दुसऱ्या आठवड्यात होतो.

'यश' कशाला म्हणायचं हेही इथे जरा वेगळं. एपी (कॉलेजच्या पातळीचे विषय), ऑनर सोसायटी (हुशार मुलांची संस्था), व्हार्सिटी लेटर (शाळेच्या मुख्य संघातून खेळल्याचा मान) हे सगळं आहेच आणि त्याचं कौतुकही होतं. पण जेझुइट शाळा बारावी होऊन बाहेर पडणाऱ्या मुलात पाच गोष्टी शोधतात : वाढीची तयारी, बौद्धिक कुवत, धार्मिकता, प्रेमळपणा आणि न्यायाची बांधिलकी. ह्यामागे पेद्रो अरूपे ह्यांचं १९७३चं व्हॅलेन्सियातलं भाषण आहे. ते तेव्हा संघाचे प्रमुख होते, आणि 'इतरांसाठी जगणारी माणसं' घडवा असं त्यांनी माजी विद्यार्थ्यांना ठणकावलं. म्हणून सूप किचनमध्ये, म्हणजे गरजूंच्या मोफत जेवणघरात, राबण्यात घालवलेले तास इथे शोभेचे नसतात. वर्षअखेरीच्या बक्षिसांत सेवेचा मान मोठा असतो. 'भांडी घासायला एवढी फी भरतो का?' असं एका काकांनी मला विचारलं होतं. त्यांचा मुलगा आजही दर थँक्सगिव्हिंगला तिथे वाढायला जातो.

पैशांचं थोडक्यात. मुलगा एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल तर फाफ्सा ह्या सरकारी अर्जातून मदत मिळत नाही. बरीच खासगी कॉलेजं सीएसएस प्रोफाइल हा वेगळा अर्ज भरून घेऊन स्वतःच्या निधीतून मदत देतात. एच-४ वाल्यांना किती देतात ते प्रत्येक कॉलेजला आधीच विचारा. मुलगा २१ वर्षांचा झाला की एच-४ संपतो. वकिलाशी बोलणं अकरावीतच उरका.

एप्रिलनंतर मुलं ढिली पडतात. १ मेपर्यंत कॉलेज पक्कं करायचं असतं, त्यानंतर तर विचारूच नका. तरी शेवटचा निकालही कॉलेजला जातो आणि फारच घसरला तर दिलेला प्रवेश मागे घेतात, एवढं घरात एकदा स्पष्ट सांगून ठेवा. बाकी वसंत ऋतू समारंभांचा. प्रॉम, इयरबुक, आणि मुलांच्या कॅथलिक शाळांत जागोजागी होणारा आई-मुलाचा कार्यक्रम. त्यात नाचावंही लागतं. साडी नेसून खुशाल जा, सगळ्यात जास्त फोटो तुमचेच निघतील. पदवीदानाच्या आधी बॅकलॉरिएट मिस, म्हणजे सीनियर मुलांसाठीचा खास मिस असतो. काही शाळांत त्या दिवशी गाऊनऐवजी पांढरं डिनर जॅकेट लागतं. ते भाड्याने मिळतं, माप लवकर द्या.

आजी-आजोबांना बोलवायचं असेल तर एक लक्षात ठेवा. खासगी शाळांचं पदवीदान सरकारी शाळांच्या बरंच आधी, मेअखेर-जूनच्या सुरुवातीला उरकतं, आणि मुंबईच्या वकिलातीत व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायला कधीकधी महिनोन् महिने लागतात. अर्ज आदल्या उन्हाळ्यातच भरा, आणि घरटी किती तिकिटं मिळणार ते शाळेच्या ऑफिसात आधी विचारून घ्या. नाहीतर इतक्या लांबून आलेल्या आजीला लाइव्हस्ट्रीमवर बघावं लागेल.