कुत्र्याला नियमित तपासणीला कसं न्यावं

बऱ्याच घरांत कुत्र्याची वार्षिक तपासणी म्हणजे दवाखान्यात जायचं, इंजेक्शन टोचून घ्यायचं, कार्डावर नोंद करून परत यायचं. लस हवीच. पण डॉक्टरांच्या हाताला त्या दहा-पंधरा मिनिटांत जे लागतं आणि तुमच्या तोंडून जे कळतं, ते लसीइतकंच कामाचं असतं. कुत्रं दुखणं अंगावर काढतं, म्हणून निम्मी तपासणी तुम्ही घरीच करून न्यायची असते.

वेळापत्रक ठरवा

पिल्लू 6 ते 8 आठवड्यांचं झालं की पहिली लस, मग दर 2 ते 4 आठवड्यांनी पुढचे डोस, वयाचे 16 आठवडे पूर्ण होईपर्यंत. एवढे डोस का, हा प्रश्न सगळेच विचारतात. आईच्या पहिल्या दुधातून मिळालेली प्रतिपिंडं पिल्लाचं रक्षण करतात, पण तीच लसीलाही निकामी करतात. ती नेमकी कधी ओसरतात हे प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून 16 आठवड्यांच्या सुमाराचा शेवटचा डोस कधीच चुकवू नका. ‘दोन झाले, आता बस’ हा हिशोब पार्वोला, म्हणजे पिल्लांना जीवघेण्या उलट्या-जुलाब लावणाऱ्या विषाणूला, मान्य नसतो.

पार्वो, डिस्टेंपर, यकृताचा संसर्गजन्य आजार आणि रेबीज, या लसी सगळ्याच कुत्र्यांना लागतात. लेप्टोस्पायरोसिससारख्या लसींची गरज तुमचा भाग आणि कुत्र्याची राहणी पाहून ठरते. रेबीजची लस सहसा 12 आठवड्यांनंतर देतात. वर्षभराने बूस्टर, आणि पुढे काही लसी दरवर्षी, काही 3 वर्षांनी. रेबीजच्या बाबतीत स्थानिक कायदा काय म्हणतो तेही विचारून घ्या.

जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासूनच सुरू होतं, कारण गोल जंत आईकडूनच पिल्लात येतात. 8 आठवड्यांपर्यंत दर 15 दिवसांनी, 6 महिन्यांपर्यंत दरमहा, त्यानंतर साधारण दर 3 महिन्यांनी. डोस वजनावर ठरतो, आणि पिल्लाचं वजन झपाट्याने वाढतं. मागच्या वेळची मात्रा डोळे झाकून देऊ नका.

घरची तयारी

रोज दोन मिनिटं कुत्र्याचे ओठ वर करून दात बघा, कान उलटून बघा, पंजे हातात धरा, आणि झालं की खाऊ द्या. ही सवय असलेलं कुत्रं टेबलावर शांत उभं राहतं. घाबरून चावणाऱ्या कुत्र्याला मुसक्याची सवयही घरीच लावावी. दवाखान्यात पहिल्यांदा मुसकं बांधलं तर ते आणखी बिथरतं.

पाणी पिणं वाढलंय का, खाणं कमी झालंय का, जिना चढताना अडखळतं का, हे लिहून न्या. खोकला किंवा लंगडणं असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढा, कारण घरी लंगडणारं कुत्रं दवाखान्याच्या दारात हमखास सरळ चालतं! त्याच दिवसाची थोडी विष्ठा झाकणाच्या डबीत घ्या. जुनं लसीकरण कार्ड आणि चालू औषधांची नावं सोबत असू द्या.

दवाखान्यात

लसी पूर्ण न झालेलं पिल्लू कडेवरच ठेवा, जमिनीवर सोडू नका. पार्वोचा विषाणू बाहेर महिनोन्‌महिने तग धरतो. मोठ्या कुत्र्याचा पट्टा आखूड धरा. दुसऱ्याचं कुत्रं आजारी असू शकतं.

आधी वजन. मग डॉक्टर हिरड्यांचा रंग, दात, डोळे, कान, गाठी, छाती आणि पोट तपासतील. फक्त सुई टोचून मोकळे होत असतील तर ‘जरा सगळं अंग बघता का?’ असं सरळ म्हणा. बरगड्या कशा चाचपायच्या तेही त्यांच्याकडूनच शिकून घ्या: हात हलकेच फिरवताना बरगड्या सहज लागल्या पाहिजेत. दाबून शोधाव्या लागल्या तर खाणं कमी करायची वेळ आली.

लसीनंतर अर्धा तास तिथेच थांबा. तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या, उलट्या सुरू झाल्या किंवा धाप लागली तर लगेच आत जा. एक-दोन दिवस मरगळ चालते. पण ताप आहे म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. ती कुत्र्याला विषासारखी बाधू शकतात.

गोचीड, पिसवा आणि हृदयातले जंत

गोचिडांमुळे एर्लिकिया आणि बबेसियासारखे आजार होतात. मानेवर टाकायचं औषध केसांवर ओतलं तर वाया जातं. दोन खांद्यांच्या मधले केस दुभंगून कातडी दिसू द्या, नळीचं टोक तिथे टेकवा आणि मग पिळा. आधी व नंतर 2 दिवस आंघोळ नको. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं औषध वापरू नका, मांजराच्या जिवावर बेततं.

हृदयातले जंत डासांतून पसरतात. हा आजार असलेल्या भागात मोठ्या कुत्र्याला प्रतिबंधक औषध सुरू करण्याआधी रक्ततपासणी हवी, कारण जंत आधीच असतील तर औषधाची प्रतिक्रिया येऊ शकते. कोली जातीच्या कुत्र्यांपैकी अनेकांना आयव्हरमेक्टिन या जंतांवरच्या औषधाची मोठी मात्रा सोसत नाही. जात आठवणीने सांगा.

साधारण 7 वर्षांनंतर तपासणी दर 6 महिन्यांनी करा, मोठ्या चणीच्या जातींची त्याहीआधीपासून. तेव्हा रक्त आणि लघवीही तपासून घ्यावी. लसीच्या बाटलीवरचं स्टिकर कार्डावर चिकटवलंय ना, पुढची तारीख लिहिलीय ना, हे दवाखान्यातून निघण्याआधीच पाहा. पोट फुगून नुसत्या कोरड्या ओकाऱ्या येत असतील, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील किंवा लघवी तुंबली असेल, तर मात्र ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. त्याच क्षणी गाडी काढा.