अँटिबॉडीवर काम करायचंय? आधी कंट्रोल लावायला शिका

गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत सोलापूरला घरी आले की पूर्व भागातल्या आमच्या गल्लीतून कुणीतरी दारात येतंच. बीएस्सी झालेली असते किंवा व्हायची असते, आणि प्रश्न ठरलेला: "ताई, नेट देऊ का गेट?" यंदा असे तिघे आले. त्यांना तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं ते इथं सलग लिहिते.

मी कॅन्सरविरुद्धच्या अँटिबॉडी बनवते आणि तपासते. आधी पीएचडी, मग पोस्टडॉक, आता पुण्यात एका कंपनीत. सगळी मिळून १४ वर्षं झाली. वडील यंत्रमागावर टॉवेल विणायचे, आई बिड्या वळायची. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि इंग्रजी फक्त पुस्तकात. एमएस्सीला पहिल्यांदा सेमिनार दिला तेव्हा स्लाइडवरचं जसंच्या तसं वाचून दाखवलं होतं. ते पुढं सुधारतं, त्याची फार काळजी करू नका.

परीक्षांचं पटकन सांगते. पीएचडीच्या फेलोशिपसाठी सीएसआयआर-नेट, डीबीटीची बीईटी आणि आयसीएमआरची जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) या तीन मुख्य वाटा. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्राची स्वतःची निवडपरीक्षा असते. पुण्याच्या एनसीसीएससारख्या (पेशींवर संशोधन करणाऱ्या) संस्थांत प्रोजेक्टवरच्या जागांसाठी थेट मुलाखती होतात. सोय असेल त्या सगळ्या द्या. मला नेट तिसऱ्या खेपेला मिळाली आणि नंतर कुणीही विचारलं नाही की कितव्या खेपेला.

मुलाखतीत मात्र एक गोष्ट हमखास विचारतात: अँटिबॉडी कॅन्सरवर नेमकी काम कशी करते? "ती कॅन्सरच्या पेशीला मारते" एवढं सांगून थांबलात की अडकलात. अँटिबॉडी म्हणजे इंग्रजी वाय अक्षरासारखं प्रथिन, साधारण १५० किलोडाल्टनचं. वरची दोन टोकं ठरावीक रेणू पकडतात आणि खालचा दांडा प्रतिकारपेशींना बोलावतो. १९७५ मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टीन यांनी अँटिबॉडी बनवणारी पेशी आणि न थांबता वाढणारी कॅन्सरची पेशी यांचा संकर केला. तेव्हापासून एकाच जातीची अँटिबॉडी हवी तेवढी बनवता येऊ लागली. १९९७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली रिटक्सिमॅब बी पेशी या प्रतिकारपेशींवरचा सीडी२० नावाचा रेणू पकडते. पुढच्या वर्षी आलेली ट्रॅस्टुझुमॅब स्तनाच्या काही कॅन्सरमधला हर-टू नावाचा रेणू पकडते. पण २०११ ची इपिलिमुमॅब कॅन्सरच्या पेशीला हातही लावत नाही. टी पेशी या दुसऱ्या प्रतिकारपेशींना आवर घालणारा सीटीएलए-४ नावाचा ब्रेक ती निकामी करते आणि पुढचं काम टी पेशी करतात. याच विचारासाठी २०१८ चं नोबेल जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होंजो यांना मिळालं. होंजोंचा ब्रेक वेगळा, पीडी-१. तिसरा प्रकार दोन तोंडांच्या अँटिबॉडीचा. एका टोकाने टी पेशी धरायची, दुसऱ्याने कॅन्सरची पेशी, आणि दोघींना समोरासमोर आणायचं. माझी पीएचडी यावरच झाली, आणि माझी फजितीही यातच झाली.

ती जरा सविस्तर सांगते, कारण नेट-गेटपेक्षा ती जास्त उपयोगी आहे.

माझ्या रेणूचं एक टोक टी पेशींवरच्या सीडी३ ला चिकटायचं, दुसरं तोंडाच्या कॅन्सरच्या पेशींवर भरपूर असलेल्या ईजीएफआरला. अख्खी अँटिबॉडी न बनवता तिचे फक्त पकडणारे तुकडे जोडले होते, आणि ते मी ई. कोलाय या जिवाणूत बनवत होते. स्वस्त पडतं, लवकर होतं. शुद्ध केलं, प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर एकच स्वच्छ पट्टी दिसली. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या केल्या, त्या कॅन्सरच्या पेशींसोबत एका प्लेटमध्ये ठेवल्या, वरून माझा रेणू घातला. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली बघते तर कॅन्सरच्या पेशी सुटून तरंगत होत्या. टी पेशी चेतल्या की सोडतात त्या इंटरफेरॉन-गॅमाचा आकडा वर गेलेला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. वार्षिक समितीसमोर मी तो आलेख दाखवला आणि टाळ्याही घेतल्या.

आमच्या मॅडम टाळ्या वाजवत नव्हत्या. नंतर केबिनमध्ये त्यांनी एवढंच विचारलं, "ज्याला काहीच चिकटत नाही असं प्रथिन, तुझ्याच पद्धतीनं, त्याच जिवाणूत बनवून घातलंस का?" तुलनेसाठी लावायचा असा नमुना म्हणजेच कंट्रोल. मी फक्त बफर, म्हणजे रेणू ज्यात विरघळवलेला असतो तो द्रव, घालून बघितला होता. मग तसं प्रथिन बनवायला घेतलं, त्यात दीड महिना गेला. घातलं, तर त्यानेही कॅन्सरच्या पेशी मेल्या, जवळपास तितक्याच.

दोष एंडोटॉक्सिनचा होता. ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणातला हा पदार्थ जेलवरच्या प्रथिनं दाखवणाऱ्या रंगात दिसत नाही, पण रक्तातल्या मोनोसाइट पेशी त्याच्या नखभर अंशानेही चवताळतात, आणि त्यांच्यापायी बाकीच्या पेशीही. त्याची चाचणी ज्या द्रवाने होते तो हॉर्सशू क्रॅब नावाच्या सागरी जीवाच्या निळ्या रक्तातून काढतात. आमच्या नमुन्याचा आकडा इतका वर होता की तीनदा पातळ करून पुन्हा मोजावा लागला. एकूण आठ महिने पाण्यात. शेवटी तोच रेणू सस्तन प्राण्यांच्या पेशींत बनवला. परिणाम आधीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका निघाला, पण तो माझ्या रेणूचा होता.

आई बिड्या कारखान्यात द्यायच्या आधी रात्री दिव्याखाली स्वतःच निवडायची. ढिली, फाटक्या पानाची, कमी तंबाखूची बाजूला. खिडकीवर माणूस छाट काढणार आणि तिथं हुज्जत चालत नाही, म्हणून आधी आपणच काढायची. हे मी लहानपणापासून बघत होते, आणि तरीही समितीसमोर आलेख घेऊन गेलेच.

तेव्हा लॅबमध्ये पहिल्या दिवसापासून या सवयी लावून घ्या. फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे पेशी एकेक करून मोजणाऱ्या यंत्रावर, आयसोटाइप कंट्रोल (त्याच जातीची पण लक्ष्याला न चिकटणारी अँटिबॉडी) ठेवाच. लक्ष्य असलेल्या पेशींसोबत लक्ष्य नसलेल्या पेशीही लावा. पेशी मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूपासून मुक्त आहेत ना, हे दर महिन्याला तपासा. तो संसर्ग झाला तरी पाणी गढूळ होत नाही, त्यामुळे डोळ्यांवर विसंबू नका. आणि निकाल फार छान आला की त्या दिवशी कुणाला सांगू नका. दोन दिवस थांबून स्वतःच तो खोटा पाडायचा प्रयत्न करा.

आता सोलापूरकरांसाठी एक खास गोष्ट. कॅन्सरचं संशोधन मुंबईतच होतं असं आपल्याकडे सगळ्यांना वाटतं. पण भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, बार्शीत सुरू झाली. तिथल्याच मंडळींच्या सहभागाने शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायकांवर अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर करणारा विषाणू) चाचणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये जगाला कळलं ते त्यातून. बार्शी आपल्यापासून ७० किलोमीटरवर. एमएस्सीच्या आधी तिथलं काम बघायची परवानगी मिळते का, विचारून बघा. मी गेले ती पीएचडी झाल्यावर, उशिरा. माझ्या प्लेटमधल्या पेशी ज्या आजाराच्या, तो आजार अंगावर काढून लोक किती उशिरा दवाखान्यात पोचतात, हे तिथं कळलं.

आणि नवा रेणू शोधणं म्हणजेच संशोधन, असंही नाही. निव्होलुमॅब या पीडी-१ विरोधी अँटिबॉडीचा एक नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅमचा, दर दोन आठवड्यांनी. आपल्याकडच्या बहुतेक घरांना तो झेपणारा नाही. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या, बऱ्या न होणाऱ्या कॅन्सरमध्ये फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, स्वस्त गोळ्यांच्या जोडीला देऊन पाहिली. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगणारे १६.३ टक्के होते, ते ४३.४ टक्के झाले. माझ्या मते गेल्या काही वर्षांत आपल्याकडचं या क्षेत्रातलं सगळ्यात हुशार काम हेच, आणि त्यात नवीन रेणू एकही नाही.

पैशाचं स्पष्ट सांगते. २०२३ पासून जेआरएफ महिना ३७,००० आणि घरभाडं, दोन वर्षांनी ४२,०००. ऐकायला बरं वाटतं, पण रक्कम वेळेवर येईलच असं नाही. माझी एकदा पाच महिने अडकली होती आणि खानावळीचं बिल मैत्रिणीने भरलं. किमान तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच घर सोडा. पीएचडीला पाच-सहा वर्षं धरा. तेवढ्यात शेजारची सगळी मुलं नोकरीला लागलेली असतात आणि प्रत्येक लग्नात एक तरी काकू विचारते, "अजून शिकूलालीस काय गं?" यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

पुढं प्राध्यापकीच करायची असंही नाही. बायोसिमिलरच्या, म्हणजे आधीच्या अँटिबॉडी औषधासारखंच औषध बनवणाऱ्या, कंपन्या पुण्यात, बेंगळुरूत, हैदराबादेत आहेत. रिटक्सिमॅबचं पहिलं बायोसिमिलर २००७ मध्ये हैदराबादच्याच डॉ. रेड्डीजनी आणलं. आमच्या पूर्व भागातल्या मुलांना तिथं भाषेचीही अडचण नाही. मात्र कंपनीत तुमचा आवडता रेणू एका बैठकीत बंद होतो. माझा झाला; तो चांगला चिकटायचा, पण साठवणीत गुठळ्या धरायचा.

तिघांपैकी एकाला पुण्यात प्रोजेक्टच्या मुलाखतीचं पत्र आलंय. त्याचा प्रश्न नेट-गेटचा नव्हताच: हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी जाऊन संध्याकाळी त्याच गाडीने परत येता येईल का? येतं. पण मुलाखती लांबतात, आणि नाव यादीत खाली असलं की संध्याकाळची गाडी चुकते. त्याला म्हटलं, परतीचं तिकीट आत्ता काढू नकोस, रात्री एसटी आहेच.