१२,३४,५६,७८९ चे अवयव पाडताना या चुका टाळा

एक ते नऊ अंक ओळीने लिहिले की बारा कोटी चौतीस लाख छप्पन्न हजार सातशे एकोणनव्वद ही संख्या तयार होते. दिसायला सरळ, पण अवयव पाडायला घेतली की भलेभले हिच्यापाशी अडतात.

पहिला घोळ कसोट्यांचा. अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग जातो, इथवर ठीक. पण ४५ ला ५ ने भाग जातो म्हणून या संख्येलाही जाईल, असं धरू नका. ५ साठी फक्त शेवटचा अंक पाहायचा. बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच; ती २७ पर्यंतही ताणता येत नाही. १८९९ च्या अंकांची बेरीज २७ येते, तरी २७ ने भागल्यावर ९ बाकी उरते.

९ ने भागून मिळतात १,३७,१७,४२१. खरी फसगत इथे होते. लोक शंभरपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहतात, काहीच लागत नाही, आणि ही मूळ संख्याच आहे असं ठरवून मोकळे होतात. शोध वर्गमूळापर्यंत, म्हणजे इथे ३७०३ पर्यंत न्यावा लागतो. पहिल्या ५०३ मूळ संख्या वाया जातात आणि ५०४ वी, ३६०७, नेमका भाग देते! चिकाटी आहे, पण पद्धत चुकली.

सतराव्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने सुचवलेली युक्ती इथे चुटकीसरशी लागू पडते. वर्गमूळाच्या लगेच पुढची पूर्ण संख्या ३७०४. तिच्या वर्गातून आपली संख्या वजा केली तर २१९५ उरतात. हा पूर्ण वर्ग नाही. ३७०५ घेतल्यावर उरतात ९६०४, म्हणजे ९८ चा वर्ग. झालं काम, कारण अ² − ब² = (अ − ब)(अ + ब): ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३. दोन्ही मूळ संख्या. मात्र दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तरच ही युक्ती अशी झटपट चालते. ते लांब असतील तर कंटाळा येईपर्यंत वजाबाक्या करत बसाल.

तर १२,३४,५६,७८९ = ३² × ३६०७ × ३८०३. विभाजक मोजताना ३ चा घातांक विसरून ८ हे उत्तर बरेचदा येतं. घातांकांत एकेक मिळवून गुणा: ३ × २ × २ = १२.

शेवटची चूक यंत्रावर डोळे मिटून भिस्त ठेवण्याची. या संख्येचा वर्ग १५२४१५७८७५०१९०५२१, सतरा अंकी. एक्सेल पंधरा अंकच जपतं, म्हणून शेवटी ५०० दाखवतं. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या साध्या गुणाकारात शेवटी ५२० येतं. विषम संख्येचा वर्ग सम कसा येईल? ९ × ९ = ८१, म्हणजे एकक स्थानी १ च हवा.