मेट्रोचे कार्ड आणि ऑफिसचे ओळखपत्र एकत्र ठेवू नका
मेट्रोच्या गेटवर पाकीट टेकवूनही दार उघडत नसेल, तर कार्ड खराब झाले असे लगेच समजू नये. बरेचदा त्याच पाकिटातले ऑफिसचे ओळखपत्र आड येत असते. नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड (मेट्रो-बसच्या प्रवासासाठी देशभर चालणारे कार्ड) आणि हल्लीची बरीचशी कर्मचारी ओळखपत्रे 13.56 मेगाहर्ट्झ याच वारंवारितेवर चालतात. कार्डात बॅटरी नसते, रीडरच्या (गेटवरच्या कार्ड वाचणाऱ्या यंत्राच्या) चुंबकीय क्षेत्रातून मिळणाऱ्या ऊर्जेवरच चिप जागी होते, आणि दोन कार्डे एकदम उत्तर देऊ लागली की रीडर व्यवहार नाकारू शकतो. म्हणून ओळखपत्र गळ्यातल्या पट्टीलाच राहू द्यावे आणि प्रवासाचे कार्ड पाकिटातून बाहेर काढून, पडद्यावर खूण उमटेपर्यंत रीडरवर स्थिर धरावे. (125 किलोहर्ट्झची जुनी, जाड ओळखपत्रे सहसा ही अडचण करत नाहीत.)

याहून महत्त्वाची बाब शिल्लक रकमेची. ऑनलाइन भरलेले पैसे बहुधा आपोआप चिपवर येत नाहीत. स्थानकातल्या यंत्रावर किंवा खिडकीवर कार्ड टेकवून ते चढवून घ्यावे लागतात. चिपवरच्या या रकमेची मर्यादा 2000 रुपये आहे आणि कार्ड हरवल्यास ती सहसा परत मिळत नाही, त्यामुळे त्यावर नेहमीच्या प्रवासापुरतेच पैसे ठेवावेत.