सीबीटीने सिगरेट सोडताय? मग या चुका टाळा

सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायची थेरपी) म्हणजे काउन्सेलरसमोर बसून गप्पा मारायच्या असं समजून बरेच जण जातात आणि दोन सेशननंतर म्हणतात, काही फरक नाही बुवा. अहो, खरं काम दोन सेशनच्या मधल्या दिवसांत असतं आणि घोळ पण तिथेच होतो.

सगळ्यात मोठा घोळ डायरीचा, म्हणजे ओढलेल्या प्रत्येक सिगरेटच्या नोंदीचा. लोक रात्री झोपताना आठवून लिहितात, "आज ८ ओढल्या". नुसता आकडा घेऊन करायचं काय? पेटवायच्या आधीच मोबाईलवर टाका, किती वाजले, कुठे, कोणाबरोबर, डोक्यात काय चाललंय, तलफ १० पैकी किती. समजा महापेला ऑफिस आहे, क्लायंटने कॉलवर झापलं, मनात आलं "एक मारल्याशिवाय डोकं चालणार नाही", तलफ ८, आणि पाय आपोआप खालच्या टपरीकडे. आता ते मनातलं वाक्य पकडा आणि त्यालाच उलटतपासणीला उभं करा. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्या उभ्या मेल टाईप करता तेव्हा डोकं चालतंच ना? आणि झुरका मारून जे बरं वाटतं त्यातलं बरंचसं म्हणजे निकोटिन उतरल्यामुळे आलेली बेचैनी गेलेली असते, क्लायंट तर तसाच असतो!

"तलफ आली की मन मारीन" हा काही प्लॅन झाला नाही. तलफ साधारण काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ काय करणार ते आधीच ठरवा. चहा जागेवर मागवा, सुट्टा पार्टनरला सांगून ठेवा की मला विचारू पण नको.

शनिवारी मित्रांबरोबर बसलात, एक ओढली गेली, की लगेच "गेलं सगळं" म्हणून अख्खं पाकीट संपवायचं, ही तर क्लासिक चूक. अ‍ॅलन मार्लॅट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने यावरच भरपूर काम केलंय, एकदा घसरणं वेगळं आणि परत जुन्या सवयीला लागणं वेगळं. ती एक पण डायरीत लिहा, पुढच्या सेशनला तिच्यावरच बोला.

आणि हो, "निकोटिनची गम-बिम नको, मनानेच सोडणार" हा हट्ट कशाला? सीबीटीसोबत औषध असेल तर सुटायचे चान्स वाढतात. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली लागत असेल तर सहसा ४ मिलिग्रॅमची गम सुचवतात, पण डॉक्टरला विचारूनच घ्या. ती च्युइंगमसारखी सतत चघळू नका, चुणचुण आली की गालात दाबून ठेवायची, आणि आधीची १५ मिनिटं चहा बंद, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. काउन्सेलर परवडत नसेल तर सरकारची क्विटलाइन फुकट आहे, १८००-११-२३५६.