जळगाव-धुळ्याहून जर्मनीत येणाऱ्या पोरापोरींनो, चारचौघांत वागण्याबद्दल थोडं

ऑक्टोबरात इथलं हिवाळी सत्र सुरू होतं, म्हणून अमळनेर, शिरपूर, शहाद्याकडची पोरं आतापासून तयारीला लागली असतील. व्हिसा, विमा, खोली यांबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचंय ते चारचौघांत वागण्याबद्दल, कारण आपली मुलं अडखळतात ती इथेच.

पहिल्याच आठवड्यात ट्राममध्ये एकमेकांना बिलगलेलं जोडपं दिसेल. बागेत शाळकरी वाटणारी पोरं बिअर पीत बसलेली दिसतील. बिअर आणि वाइन इथे १६ व्या वर्षापासून कायद्याने चालते, कडक दारू १८ नंतर. ते पाहून कुणाला वाटतं, इथे काही धरबंधच नाही. कुणाला वाटतं, आता आपल्यालाही कोण विचारतंय! दोन्ही समज सोडा. धरबंध आहे, पण वेगळ्या जागी.

आपल्याकडे मेहरूण तलावावर मुलगा-मुलगी जवळ बसले की त्यांच्या आधी बातमी घरी पोहोचते. त्याच गावात रात्री अकराला वरातीचा डीजे वाजला तर कुणी बोलत नाही. खरं तर ध्वनिक्षेपकाला रात्री १० ते सकाळी ६ बंदी आपल्या २००० सालच्या नियमांतही आहे. जर्मनीतही रात्रीची शांतता साधारण याच वेळेत असते. फरक असा की इथे शेजारी दार वाजवतो, नाहीतर सरळ पोलिसांना फोन करतो, आणि पोलीस येतात. रविवारीही दिवसभर शांतता अपेक्षित असते, भिंतीत खिळे ठोकायचे असतील तर शनिवारीच ठोका.

आता मुलांना थोरल्या भावाच्या नात्याने सांगतो. उन्हाळ्यात मुली नदीकाठी तोकड्या कपड्यांत पहुडलेल्या असतात. टक लावून बघू नका. मोबाइल तर त्या दिशेला वळवूच नका. ओळखू येईल असा कुणाचा फोटो संमतीविना कुठेही टाकणं इथे गुन्हा ठरतो. वर्गातली मुलगी हसून बोलली, कॉफीला आली, निघताना गळाभेट घेतली, तर ती फक्त मैत्री समजा. २०१६ मध्ये इथला कायदा बदलला. स्पष्ट नकार असताना केलेली लैंगिक कृती आता गुन्हा आहे, मग जबरदस्ती केलेली असो वा नसो. गर्दीत वाईट हेतूने हात लावणं हाही तेव्हापासून स्वतंत्र गुन्हा आहे. हे मी कायद्याच्या भीतीपोटी सांगत नाही. आपल्या गावच्या बसमध्ये आपल्या बहिणी जे सोसतात, ते इथल्या कुणाच्या वाट्याला आपल्यामुळे येऊ नये, एवढी माझी कळकळ आहे.

मुलींनो, रात्री एकटीने ट्रामने परतणं इथे नेहमीचं आहे. तरी ११० हा पोलिसांचा आणि ११२ हा रुग्णवाहिका-अग्निशमनाचा नंबर पाठ ठेवा.

इथली पोरं शिस्तीचे पुतळे आहेत असंही समजू नका. फुटबॉलच्या सामन्याच्या दिवशी लोकलगाडीत चढून बघा, काय आरडाओरडा असतो! पण लहान मूल शेजारी उभं असेल तर रस्ता रिकामा असूनही बहुतेक जण लाल दिव्याला थांबतात. तुम्ही नाही थांबलात तर एखादी आजी चारचौघांत सुनावेल. निमूट ऐकून घ्या.

एका देशाची सवय दुसरीकडे तशीच नेऊ नका. टोकियोच्या मेट्रोत पोरं फोनवर बोलत नाहीत, आणि दारूला तिथे वीस वर्षं पुरी लागतात. सिंगापुरात मेट्रोत पाणी प्यायलात तरी दंड होऊ शकतो, आणि रात्री साडेदहानंतर उघड्यावर दारू पिता येत नाही. इथे ट्रामच्या थांब्यावर बिअर पिणाऱ्याकडे कुणी वळूनही बघत नाही.

अहिराणी मात्र खुशाल बोला, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त गाडीत आवाज हळू ठेवा आणि घरचा व्हिडिओ कॉल स्पीकरवर नको. हिवाळ्यात भरीत पार्टी कराल तेव्हा जिन्यात आधी चिठ्ठी लावा: अमुक दिवशी पाहुणे येतील, थोडा आवाज होईल, त्रास झाला तर या नंबरवर कळवा. शेजारी समजून घेतात. माझ्या शेजारच्या आजोबांना तर आता भरिताचं ताट लागतंच.