अंगणवाडीची तपासणी आणि दंड: ग्रामसभेत ठराव कसा आणायचा

अंगणवाडीत काहीही कमी दिसलं की पहिली नोटीस ताईच्या, म्हणजे अंगणवाडी सेविकेच्या, हातात पडते. छप्पर गळतंय, डाळ आली नाही, वजनकाटा बिघडलाय, रेंज नसल्यानं मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये माहिती भरली नाही, सगळ्याचा जाब तिलाच. मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातली, जांबोटीच्या वरच्या अंगाची. अंगणवाडीतच नोकरी केली, आता वॉर्डसभेला न चुकता जाते. तपासणी कमी करा असं मी कधीच म्हणणार नाही, लेकरांचा प्रश्न आहे. पण ज्याच्या हातात दुरुस्ती आहे, दंड त्यालाच लागला पाहिजे. हे गावाला मागता येतं.

सुरुवात व्हिजिट बुकापासून करा. सुपरवायझर किंवा सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी) येऊन गेल्यावर काय शेरा मारलाय ते पालकांनी वाचायचं. कन्नड येत नसेल तर हायस्कूलच्या पोराला बसवून वाचून घ्या. ‘व्यवस्था समाधानकारक नाही’ एवढ्यावर भागत नाही. काय कमी आहे, कुणी करायचं आणि कधीपर्यंत, हे लिहून मागा.

मग त्या शेऱ्यांची वाटणी करा. मुलाला मारणं, कोंडून ठेवणं, मुलं एकटी सोडून जाणं, खाऊ बाहेर विकणं: इथं दयामाया नको, त्याच दिवशी कारवाई. रजिस्टर अपुरं, भांडी नीट घासलेली नाहीत: पंधरा दिवस द्या, पुन्हा बघायला या, तरी तसंच असेल तर दंड.

तिसरा वाटा ताईच्या हाताबाहेरचा, आणि खरा अन्याय तिथंच होतो. आषाढात आमच्याकडं पाऊस हटत नाही. एका अंगणवाडीत डाळीचं पोतं बाकड्यावर, बाकडं भिंतीपासून हातभर लांब, वर प्लास्टिकचा कागद, तरी पोत्याच्या खालच्या कोपऱ्याला बुरशी. छपरासाठी दिलेल्या अर्जाची पोच ताईच्या फायलीत होती. तरी ‘धान्य साठवणुकीत हलगर्जी’ म्हणून कारणे दाखवा नोटीस तिलाच आली. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 काय म्हणतो बघा. कलम 5 नुसार प्रत्येक अंगणवाडीत स्वयंपाकाची, पिण्याच्या पाण्याची आणि स्वच्छतेची सोय असायलाच हवी. ही सोय ताईनं पदरमोड करून करायची असं त्यात कुठंही नाही.

त्याच कायद्याचं कलम 33 तर ठरावातच लिहा. जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यानं सांगूनही एखाद्या अधिकाऱ्यानं विनाकारण ते केलं नाही, तर राज्य अन्न आयोग त्याला 5,000 रुपयांपर्यंत दंड करू शकतो. पण दंडाआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं. अधिकाऱ्याला ही संधी आहे, तर मानधनावर राबणाऱ्या बाईला का नसावी?

ठराव लांबलचक नको. मी असा मसुदा देते: ‘तपासणीचा शेरा लेखी व कारणासह द्यावा. मुलांच्या जिवाला धोका नसेल तेथे दुरुस्तीस मुदत द्यावी. इमारत, पाणी व पुरवठ्यातील त्रुटींची नोटीस संबंधित खात्यास काढावी. म्हणणे ऐकल्याशिवाय मानधन कापू नये.’ आधी वॉर्डसभेत मांडा, तिथून ग्रामसभेत न्या. कर्नाटकात दोन्ही सभा सहा महिन्यांतून एकदा तरी घ्याव्याच लागतात. पीडीओनं (पंचायत विकास अधिकाऱ्यानं) ठराव प्रोसिडिंगमध्ये उतरवला की नाही ते तिथंच बघा, त्याशिवाय उठू नका. लेकरांच्या आयांना पुढं बसवा. त्या बोलल्या की सभा ऐकते.

सोबतचा अर्ज मराठीत दिलात तरी चालतो. राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणे गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येतं. ‘कन्नडमध्ये आणा’ म्हणून कुणी परत पाठवलं तर भांडत बसू नका, कलमाचा आकडा अर्जावर लिहून रजिस्टर पोस्टानं धाडा. काम लवकर व्हावं म्हणून मी कन्नड प्रतही जोडते. हक्क सोडला असं त्यात काही नाही.

ठराव सीडीपीओ, तालुका पंचायत आणि जिल्हा पंचायत तिघांनाही पाठवा, पोच घ्या. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात विचारा: ‘या ठरावावर काय कारवाई झाली?’ फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. कर्नाटकाच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्दांची मर्यादा आहे, म्हणून छपराचा अर्ज वेगळा करा, डाळीचा वेगळा.